सशांचे विषाणू : वर्गीकरण, नामकरण आणि मराठी

विज्ञानविषयक मजकुराच्या अनुवादाचा वर्ग घेताना मी एकदा विद्यार्थ्यांना एक छोटा इंग्रजी उतारा दिला होता. १९८४ साली चीनमध्ये सशांवर आलेल्या एका साथीची ती हकीकत होती. त्यातल्या एका वाक्याचा आशय असा होता की, हा रोग ‘रॅबिट’ या प्राण्याला होतो, ‘हेअर’ या प्राण्याला होत नाही. बहुतेकांनी शब्दकोश उघडला. दोन्ही शब्दांपुढे एकच प्रतिशब्द होता. एका प्रामाणिक विद्यार्थिनीने लिहिले : ‘हा रोग सशांना होतो, सशांना होत नाही.’

वर्गात हशा पिकला. पण चूक तिची नव्हती. तिने कोशावर विश्वास ठेवला होता. जे दोन प्राणी विषाणूला वेगळे कळतात, त्यांच्यासाठी आपल्या रोजच्या भाषेत एकच शब्द आहे, ही खरी अडचण होती. तो तास संपला तरी प्रश्न संपला नाही. सशांच्या विषाणूंची नावे चाळू लागलो, तेव्हा लक्षात आले की नाव कसे पडते, ते कधी फसवते आणि ते का बदलावे लागते, हे सारे शिकवण्यासाठी याहून सोपा आणि भरघोस विषय मिळणे कठीण. प्रस्तुत लेख म्हणजे त्या तासाचीच वाढवलेली टिपणे आहेत.

१. ससा म्हणजे नेमका कोण?

आधी यजमान पाहू, मग पाहुणा. ससे हे उंदीर-घुशींच्या, म्हणजे कृंतकांच्या गणातले, असा समज अजूनही आढळतो. तो बरोबर नाही. सशांच्या वरच्या जबड्यात पुढच्या पटाशीच्या दातांमागे आणखी एक लहान जोडी असते. कृंतकांना ती नसते. म्हणून सशांचा गण वेगळा मानतात. त्याचे नाव लॅगोमॉर्फा. ग्रीक भाषेत ‘लॅगोस’ म्हणजे ससा. या गणातले सशांचे कुल म्हणजे लेपोरिडी. लॅटिनमध्ये ‘लेपस’ म्हणजेही ससाच. हे दोन मूळ शब्द ध्यानात ठेवावेत. पुढे विषाणूंच्या नावांत ते पुन्हा पुन्हा भेटतील.

या कुलातले तीन वंश आपल्या कामाचे आहेत.

पहिला ऑरिक्टोलॅगस. यात एकच जाती आहे : युरोपीय ससा, ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. हा मूळचा आयबेरियाच्या परिसरातला, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालकडचा. जगभरात पिंजऱ्यांत दिसणारे पांढरे, करडे, लांब लोकरीचे सगळे पाळीव ससे याच एका जातीचे. हा जमिनीत बिळे करून राहतो. पिल्ले जन्मतः उघडी आणि मिटल्या डोळ्यांची असतात. गर्भकाळ सुमारे ३१ दिवस.

दुसरा लेपस. हा बिळे करत नाही; गवतात किंवा झुडपाआड जमीन दाबून केलेल्या उथळ जागेत बसतो. पिल्ले अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. युरोपातल्या तपकिरी सशाचा गर्भकाळ सुमारे ४२ दिवस. ऑरिक्टोलॅगसच्या पेशीत ४४ गुणसूत्रे असतात, लेपसच्या पेशीत ४८. दोघांचा संकर होत नाही.

तिसरा सिल्व्हिलॅगस. हे अमेरिका खंडातले ससे. शेपटीच्या पांढऱ्या गोंड्यामुळे त्यांना कॉटनटेल म्हणतात.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्र, गोवा, माळवा, कर्नाटक, तेलंगण या भागांतल्या माळरानांवर आणि शेताच्या बांधांवर जो रानचा ससा दिसतो, तो लेपस नायग्रिकॉलिस, म्हणजे काळ्या मानेचा ससा. ऑरिक्टोलॅगस आपल्याकडे आला तो पाळीव म्हणून, पिंजऱ्यातून. संस्कृत ‘शश’पासून आलेला आपला ‘ससा’ हा शब्द त्यामुळे मुळात लेपसचाच आहे. शशांकाच्या अंगावरचा शशही तोच. पिंजऱ्यातल्या नव्या पाहुण्याला आपण तेच नाव दिले आणि जुन्याला ‘रानससा’ म्हणू लागलो. घरगुती बोलण्यात हे पुरते. विज्ञानाच्या लेखनात पुरत नाही, कारण युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ऑरिक्टोलॅगसही रानात लाखोंनी राहतो. मग ‘रानससा’ म्हणजे कोण?

या लेखापुरती मी एक सोय केली आहे. ऑरिक्टोलॅगसला ‘बिळससा’ आणि लेपसला ‘माळससा’ म्हणतो. हे शब्द कोशातले नाहीत; सुचवलेले आहेत. त्यांच्या राहणीतला फरक त्यांतून दिसतो, एवढाच त्यांचा दावा. इंग्रजीतली बोली नावे तरी कुठे निर्दोष आहेत? ‘बेल्जियन हेअर’ ही पाळीव बिळसशाचीच एक पैदास आहे, आणि ‘जॅकरॅबिट’ हा चक्क माळससा आहे.

२. विषाणूचे घराणे कशावरून ठरते?

‘विषाणू’ हा शब्द मराठीत नेमका बसला आहे. लॅटिनमधील ‘व्हायरस’चा अर्थ विष असाच होता. पण विषाणूची ओळख त्याच्या विषारीपणावरून, म्हणजे त्याने घडवलेल्या रोगावरून ठरत नाही. तो कोणत्या प्राण्याच्या अंगात सापडला यावरूनही ठरत नाही. पाहतात ते असे : आनुवंशिक द्रव्य डीएनए आहे की आरएनए; ते एकपदरी की दुपदरी; त्याची लांबी किती; त्याभोवतीच्या कवचाची रचना कशी; पेशीत शिरल्यावर तो आपली नक्कल कशी करतो; आणि आज सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्याच्या आनुवंशिक अक्षरमालेचे इतर विषाणूंशी नाते किती जवळचे.

हे काम करणारी आंतरराष्ट्रीय समिती १९६६ साली मॉस्को येथील सूक्ष्मजीवशास्त्राच्या परिषदेत स्थापन झाली. आज ती इंटरनॅशनल कमिटी ऑन टॅक्सॉनॉमी ऑफ व्हायरसेस या नावाने ओळखली जाते. तिच्या पद्धतीत नावाच्या शेपटीवरून पायरी कळते. कुलाच्या नावाअखेर ‘व्हिरिडी’ येते, उपकुलाच्या अखेर ‘व्हिरिनी’ आणि वंशाच्या अखेर ‘व्हायरस’. पॉक्सव्हिरिडी म्हटले की कुल आणि लेपोरिपॉक्सव्हायरस म्हटले की वंश, हे विद्यार्थ्याला पाठांतराशिवाय सांगता येते.

सशांच्या विषाणूंपैकी तीन घराणी उदाहरणादाखल शेजारी ठेवू. मिक्सोमा विषाणू पॉक्सव्हिरिडी कुलातला. दुपदरी डीएनए, सुमारे १,६२,००० जोड्यांची लांबलचक माला. सशांच्या रक्तस्रावी रोगाचा विषाणू कॅलिसिव्हिरिडी कुलातला. एकपदरी आरएनए, सुमारे ७,४०० अक्षरे. कॉटनटेलचा मस-विषाणू पॅपिलोमाव्हिरिडी कुलातला. वर्तुळाकार दुपदरी डीएनए, सुमारे ८,००० जोड्या. तिघेही सशांचे. पण एकमेकांचे ते काही लागत नाहीत. एका वाड्यात बिऱ्हाड केले म्हणून तीन कुटुंबांचे आडनाव एक होत नाही, तसेच हे.

३. लक्षणावरून पडलेले नाव : मिक्सोमा

१८९६ साली उरुग्वेतील मोंतेव्हिदेओ येथे ज्युसेप्पे सानारेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतले बिळससे अचानक मरू लागले. पापण्या सुजत, डोक्यावर आणि जननेंद्रियांजवळ चिकट, बुळबुळीत गाठी येत. १८९८ साली त्याने या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. ग्रीक ‘मिक्सा’ म्हणजे चिकट स्राव. त्यावरून गाठीला मिक्सोमा आणि रोगाला मिक्सोमॅटोसिस म्हणू लागले.

हे नाव बिळसशाच्या अंगावरच्या लक्षणाचे आहे. पण विषाणूचे खरे घर बिळससा नव्हेच. दक्षिण अमेरिकेतल्या सिल्व्हिलॅगस वंशाच्या रानसशांत तो पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे, आणि तिथे तो बहुधा त्वचेवरच्या एका साध्या गाठीपलीकडे काही करत नाही. डास आणि पिसवा त्याला एका सशाकडून दुसऱ्याकडे नेतात. युरोपातून आणलेला पाळीव ससा त्याच्या वाटेत आला, तेव्हा तो प्राणघातक ठरला. म्हणजे नाव पडले ते चुकून गाठ पडलेल्या यजमानाच्या दुखण्यावरून.

१९५० साली ऑस्ट्रेलियात बेसुमार वाढलेल्या सशांना आवरण्यासाठी हा विषाणू मुद्दाम सोडण्यात आला. सुरुवातीला लागण झालेल्या शंभरांपैकी नव्याण्णवांहून अधिक ससे मरत. पुढच्याच वर्षी मरे नदीच्या खोऱ्यात माणसांमध्ये मेंदूज्वराची साथ आली आणि लोकांनी बोट या विषाणूकडे दाखवले. तेव्हा फ्रँक फेनर, मॅकफर्लेन बर्नेट आणि इयन क्लुनीज रॉस या तीन शास्त्रज्ञांनी मिक्सोमा विषाणू स्वतःला टोचून घेतला. त्यांना काही झाले नाही. मेंदूज्वराचा विषाणू निराळाच होता. दोन साथी एकाच वेळी, एकाच नदीकाठी आल्या म्हणून त्यांचे कारण एक ठरत नाही, हे त्यांनी स्वतःच्या दंडावर सिद्ध केले.

फेनर यांनी पुढे रानातून मिळवलेल्या विषाणूंच्या घातकतेनुसार पाच श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीचा विषाणू ९९ टक्क्यांहून अधिक ससे मारतो, पाचव्या श्रेणीचा ५० टक्क्यांहून कमी. काही वर्षांतच मधल्या श्रेणीचे विषाणू सर्वत्र आढळू लागले, कारण फार लवकर मरणाऱ्या सशाकडून डासांना विषाणू पसरवायला वेळच मिळत नाही. सशांमध्येही प्रतिकारशक्ती वाढत गेली. हेही वर्गीकरणच, पण नात्यावरून केलेले नव्हे, वागणुकीवरून केलेले. विद्यार्थ्यांना हा फरक आवर्जून सांगावा.

४. गावाचे नाव, प्राण्याचे नाव

१९५२ साली फ्रान्समध्ये पॉल-फेलिक्स आरमाँ-दलिय या डॉक्टरांनी आपल्या मालकीच्या जागेतील ससे कमी करण्यासाठी मिक्सोमा सोडला. तो कुंपणात राहिला नाही. पुढच्या वर्षी तो ब्रिटनमध्येही पोचला. युरोपात पसरलेल्या या वाणाला ‘लोझान’ म्हणतात. नावावरून तो स्वित्झर्लंडमधला वाटतो. प्रत्यक्षात तो ब्राझीलमधून आलेला. लोझान हे केवळ ज्या प्रयोगशाळेकडून तो मिळाला तिचे शहर. गावाचे नाव नेहमी जन्मगाव सांगत नाही. कधी ते फक्त मुक्कामाचे गाव असते.

प्राण्याचे नावही असेच फसवते. ‘रॅबिटपॉक्स’ म्हणजे सशांची देवी, असे नाव ऐकून हा विषाणू मिक्सोमाचा सख्खा भाऊ वाटेल. कुल एकच आहे हे खरे; पण वंश वेगळा. १९३०च्या दशकात अमेरिकेतील रॉकफेलर संस्थेत आणि १९४१ साली नेदरलँड्समधील उट्रेख्त येथे प्रयोगशाळेतल्या सशांत दिसलेला हा विषाणू व्हॅक्सिनियाचाच एक वाण निघाला. व्हॅक्सिनिया म्हणजे देवीच्या लशीत वापरला जाणारा विषाणू. तो ऑर्थोपॉक्सव्हायरस वंशातला. उलट, लेपोरिपॉक्सव्हायरस या वंशाच्या नावातच ससा आहे, तरी खारींच्या अंगावर गाठी आणणारा एक विषाणू त्याच वंशात बसतो. नाव सशाचे, घर खारीचे; पण आनुवंशिक नाते पक्के, म्हणून जागा तीच.

परिसर्प विषाणूंच्या, म्हणजे हर्पिस गटाच्या नामकरणात वेगळीच रीत आहे : यजमानाच्या कुलाचे नाव आणि पुढे क्रमांक. त्यामुळे ‘लेपोरिड हर्पिसव्हायरस ४’ आणि ‘लेपोरिड हर्पिसव्हायरस ५’ ही नावे पाठोपाठच्या भावंडांसारखी वाटतात. पण ४ क्रमांकाचा अल्फा गटातला आणि ५ क्रमांकाचा गॅमा गटातला. क्रमांक हा सापडण्याचा क्रम आहे, नात्याचे अंतर नव्हे.

५. सशाला शिंग

आपल्या न्यायशास्त्रात जे अस्तित्वातच नाही त्याचे ठरलेले उदाहरण म्हणजे शशशृंग, सशाचे शिंग. भर्तृहरीच्या नीतिशतकातून आणि वामन पंडितांच्या मराठी रूपांतरातून ते शाळकरी मुलांपर्यंत पोचले आहे. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना मात्र डोक्यावर, मानेवर काळी शिंगे असलेले कॉटनटेल ससे अधूनमधून मिळत. १९३३ साली रिचर्ड शोप यांनी दाखवून दिले की ही शिंगे म्हणजे एका विषाणूमुळे वाढलेले टणक मस आहेत. म्हणजे न्यायशास्त्र चुकले नाही. ते शिंग नव्हेच.

हा विषाणू शोधकाच्या नावाने ‘शोप पॅपिलोमा विषाणू’ म्हणून प्रसिद्ध झाला. आदल्याच वर्षी, १९३२ साली, शोप यांनीच कॉटनटेलमधला आणखी एक गाठींचा विषाणू वर्णिला होता. तो ‘शोप फायब्रोमा विषाणू’. दोन्ही शोप यांचे, दोन्ही कॉटनटेलचे, दोन्ही गाठी आणणारे. पण पहिला पॅपिलोमाव्हिरिडी कुलातला आणि दुसरा मिक्सोमाचा जवळचा नातेवाईक. इतका जवळचा, की फायब्रोमाची लागण होऊन गेलेला बिळससा मिक्सोमापासून बऱ्याच अंशी बचावतो, आणि या गुणाचा उपयोग लशीसाठी करण्यात आला. शोधकाच्या नावाने आदर व्यक्त होतो, ओळख होत नाही. म्हणून मस-विषाणूंच्या नव्या पद्धतीत यजमानाचे शास्त्रीय नाव आणि क्रमांक घेऊन त्याला ‘सिल्व्हिलॅगस फ्लोरिडॅनस पॅपिलोमाव्हायरस १’ म्हणतात. नाव लांबले, पण संदिग्धता गेली.

६. एक रोग, अनेक नावे : रक्तस्रावी रोग

आता माझ्या वर्गातल्या उताऱ्याकडे येऊ. १९८४ साली चीनच्या जिआंग्सू प्रांतात जर्मनीहून आणलेल्या अंगोरा सशांत एक भयंकर साथ उद्‌भवली. धडधाकट दिसणारे ससे एक-दोन दिवसांत मरत. यकृत नासलेले आणि फुप्फुसांत रक्तस्राव झालेला आढळे. दोन वर्षांत रोग इटलीत पोचला. तिथे कारण कळेना, म्हणून त्याला काही काळ ‘एक्स रोग’ म्हटले गेले. अज्ञाताला अज्ञात म्हणणे हेही प्रामाणिक नामकरणच.

विषाणू कोणत्या कुलातला, यावरही मतभेद होते. तो प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींत वाढत नव्हता, त्यामुळे अभ्यास अवघड. कुणी त्याला पार्व्होविषाणू मानले, म्हणजे डीएनएवाला. १९९०च्या सुमारास तो आरएनएवाला आणि कॅलिसिव्हिरिडी कुलातला असल्याचे निश्चित झाले. लॅटिन ‘कॅलिक्स’ म्हणजे पेला. या कुलातल्या विषाणूंच्या पृष्ठावर पेल्यासारखे खळगे दिसतात, त्यावरून हे नाव. माणसांत उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरसही याच कुलातला. सशांच्या वंशाला लॅगोव्हायरस हे नाव मिळाले. त्यातला ‘लॅगोस’ आपल्याला आधीच भेटला आहे.

याच वंशात एक सोबती होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये तपकिरी माळससे यकृताच्या अशाच विकाराने मरताना आढळले. त्या रोगाला ‘युरोपियन ब्राउन हेअर सिंड्रोम’ म्हणतात. दोन्ही विषाणू जवळचे. पण एक बिळसशांचा, दुसरा माळसशांचा. नावांतली ही वाटणी सुबक होती आणि तीस-एक वर्षे चालली.

ऑस्ट्रेलियात या बिळसशांच्या विषाणूची वॉर्डांग बेटावर चाचणी चालू असतानाच, १९९५ साली, तो मुख्य भूमीवर निसटला. तिथे या रोगाला ‘रॅबिट कॅलिसिव्हायरस डिसीज’ हे नाव रूढ झाले. म्हणजे एकाच रोगाचे युरोपात नाव लक्षणावरून आणि ऑस्ट्रेलियात कुलावरून. पुढे त्याच देशात सशांना काहीच त्रास न देणारा एक लॅगोव्हायरस सापडला, आणि त्यालाही कॅलिसिव्हायरस हेच नाव लागले. अशा वेळी ‘सशात कॅलिसिव्हायरस सापडला’ या वाक्यावरून ससा मरणार की खेळत राहणार, हे सांगता येत नाही.

२०१० साली फ्रान्समध्ये नवा विषाणू आला. त्याला कुणी आरएचडीव्ही-२ म्हटले, कुणी आरएचडीव्ही-बी. जुन्या विषाणूपासून कोवळी पिल्ले सहसा वाचत. हा त्यांनाही मारतो. जुन्या विषाणूसाठी केलेली लस त्याच्यापासून पुरेसे रक्षण देत नाही. आणि मुख्य म्हणजे, तो बिळसशांपुरता थांबला नाही. इटलीतले, युरोपातले निरनिराळे माळससे त्याला बळी पडले. २०२० साली अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात रानातले कॉटनटेल आणि जॅकरॅबिटही मरू लागले. ‘रॅबिट’ हा शब्द नावात असलेला विषाणू आता दोन्ही सशांचा झाला होता.

या गोंधळावर तोडगा म्हणून २०१७ साली काही देशांतल्या अभ्यासकांनी एक एकसंध पद्धत सुचवली. रोग आणि यजमान बाजूला ठेवून फक्त आनुवंशिक नात्यावरून गट पाडायचे : जुना रक्तस्रावी विषाणू जीआय.१, नवा जीआय.२, निरुपद्रवी नातेवाईक जीआय.३ आणि जीआय.४, तर माळसशांचा तो जुना विषाणू जीआयआय.१. ही नावे रूक्ष आहेत. पण ती खोटे बोलत नाहीत.

मिक्सोमाच्या बाबतीतही असेच घडले. माळससे त्याला क्वचितच बळी पडत. २०१८ सालच्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये आयबेरियन माळससे मिक्सोमॅटोसिसने मोठ्या संख्येने मेले. तपासात आढळले की या विषाणूच्या मालेत दुसऱ्या एका पॉक्सविषाणूचा सुमारे २,८०० जोड्यांचा तुकडा येऊन बसला आहे. तोलेदो प्रांतावरून त्याला एक नाव मिळाले आणि माळसशावरून दुसरे. लेख वाचताना ही दोन नावे एकाच विषाणूची आहेत हे माहीत नसेल, तर वाचक दोन विषाणू मोजतो.

७. रोग, विषाणू आणि जाती : तीन वेगळी नावे

विद्यार्थ्यांची सर्वाधिक गफलत इथे होते. रोग हे प्राण्याच्या शरीरात घडणारे काही आहे. विषाणू ही प्रत्यक्ष वस्तू आहे. ती सशातून वेगळी काढता येते, सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. जाती हा मात्र वर्गीकरणातला एक कप्पा आहे. तो माणसाने आखलेला. कप्प्याची लागण कुणाला होत नाही.

आपल्या सर्वांच्या आठवणीतले उदाहरण घ्या. कोविड-१९ हे रोगाचे नाव. सार्स-कोव्ह-२ हे विषाणूचे नाव. तो ज्या जातीत बसतो तिचे नाव ‘बीटाकोरोनाव्हायरस पँडेमिकम’. २०२१ साली समितीने ठरवले की विषाणूंच्या सर्व जातींची नावे प्राणी-वनस्पतींप्रमाणे द्विपद असावीत : आधी वंश, मग विशेषण. त्यानुसार मिक्सोमॅटोसिस हा रोग, मिक्सोमा हा विषाणू आणि ‘लेपोरिपॉक्सव्हायरस मिक्सोमा’ ही त्याची जाती.

८. मराठीत लिहिताना

एक, पायऱ्यांची नावे. महाराष्ट्राबाहेर शिकवणाऱ्यांना हा प्रश्न अधिक जाचतो. इंदूर किंवा ग्वाल्हेरचा विद्यार्थी शाळेत हिंदी पाठ्यपुस्तक वाचतो. तिथे ‘प्रजाति’ हा शब्द तो सर्रास स्पीशीजसाठी वापरताना पाहतो. मराठी शास्त्रीय लेखनात मात्र ‘प्रजाती’ पुष्कळदा जीनससाठी येतो आणि स्पीशीजला ‘जाती’ म्हणतात. एकच शब्द एक पायरी वर-खाली होतो, आणि ‘लॅगोव्हायरस ही प्रजाती’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. जीनससाठी ‘वंश’ आणि स्पीशीजसाठी ‘जाती’ हे शब्द दोन्ही भाषांत त्याच अर्थाने चालतात. म्हणून निदान आपल्या भागात कुल, वंश, जाती ही उतरंड पाळावी आणि ‘प्रजाती’ टाळावा, असे माझे मत आहे. या लेखात मी तसेच केले आहे.

दोन, देवनागरीची मर्यादा. रोमन लिपीत जातीचे नाव तिरप्या ठशात आणि पहिले अक्षर मोठे घालून लिहितात. विषाणूचे नाव साध्या ठशात. आपल्या लिपीत मोठे-लहान अक्षर नाही, आणि तिरपा ठसा डोळ्याला रुचत नाही. त्यामुळे जातीच्या नावाला एकेरी अवतरणचिन्हे द्यावीत किंवा आधी ‘जाती’ हा शब्द स्पष्ट लिहावा.

तीन, काय भाषांतरित करावे? रोगाचे नाव मराठीत आणावे : ‘सशांचा रक्तस्रावी रोग’ वाचकाला लगेच कळते. वंश-जातीची नावे भाषांतरित करू नयेत. ती जगभर एकच राहावीत यासाठीच बनवलेली आहेत. लेपोरिपॉक्सव्हायरसला ‘शशदेवीविषाणू’ म्हटले तर शब्द गोड होईल, पण वाचक रॅबिटपॉक्सकडे जाईल.

चार, अंक आणि अक्षरे गाळू नयेत. युरोपात ससे पाळणाऱ्याच्या हाती लशीची चिठ्ठी असते, तेव्हा ‘आरएचडीव्ही’ आणि ‘आरएचडीव्ही-२’ यांतला तो एक अंक त्याच्या सशांच्या जिवाचा असतो. अनुवादकाला तो छपाईतला क्षुल्लक तपशील वाटता कामा नये.

स्वाध्याय

१. पुढील नावांतून रोगाचे, विषाणूचे, वंशाचे व कुलाचे नाव वेगळे करा : मिक्सोमॅटोसिस, कॅलिसिव्हिरिडी, लॅगोव्हायरस, शोप फायब्रोमा विषाणू.

२. लक्षण, शोधक, स्थळ, यजमान, आकार आणि क्रमांक यांवरून पडलेल्या नावांचे प्रत्येकी एक उदाहरण या लेखातून शोधा. त्यांतले कोणते नाव दिशाभूल करते, ते कारणासह लिहा.

३. तुमच्या भागातल्या बोलीत पिंजऱ्यातल्या आणि माळावरच्या सशाला वेगळे शब्द आहेत का? घरातल्या वडीलधाऱ्यांना, शेतकऱ्यांना विचारून नोंद करा. बेळगाव, गोवा, बडोदे, हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी शेजारच्या भाषेतले शब्दही नोंदवावेत.

तिसरा प्रश्न मी त्या वर्गालाही दिला होता. पुढच्या तासाला त्याच विद्यार्थिनीने आपले वाक्य दुरुस्त करून आणले : ‘हा रोग बिळसशांना होतो, माळसशांना होत नाही.’ मी शाबासकी देणार, इतक्यात तिने विचारले, “सर, पण हा उतारा कोणत्या साली लिहिलेला आहे?” उतारा २०१०च्या आधीचा होता. मग तिने वाक्याच्या आरंभी ‘त्या काळी आढळलेल्या विषाणूमुळे’ हे शब्द घातले आणि वही माझ्यापुढे सरकवली.